कोशाचं कपाट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दाराला लागून काचेचं कपाट आहे. त्यात शब्दकोश, ज्ञानकोश, विश्वकोश, चरित्रकोश असे जाडजूड खंड आहेत. कपाटाला कुलूप दिसतं म्हणून पुष्कळजण लांबूनच पाहून जातात. चावी टेबलाच्या खणात असते, मागितली की मिळते. तिथं येणारे प्रश्न आले तसेच, विचारणाऱ्यांच्याच बोलीत खाली दिले आहेत.

भाऊ, हे पुस्तकं घरी नेता येते काय?

नाही. कोश इथंच बसून पाहायचे. संचातला एक खंड बाहेर गेला की तेवढी अक्षरं गावासाठी संपली. दोन-चार पानं लागत असतील तर मोबाइलवर फोटो काढून घ्या. झेरॉक्सच्या काचेवर खंड पालथा घालून दाबू नका, शिवण उसवते आणि मग पानं सुटी होतात.

शब्दकोश, ज्ञानकोश, विश्वकोश. एवढे कशाले?

कामं वेगळी आहेत. 'तिफण' म्हणजे पेरणीचं अवजार; शब्दकोशात पाहिलीत तर लिंग, अर्थ आणि एखादा वापर मिळेल. पेरणी कशी होते, दोन ओळींत अंतर किती, अवजारं कशी बदलत गेली हे विश्वकोशात शेतीच्या नोंदींत सापडेल. चरित्रकोशात फक्त माणसं.

आपल्याकडचे मुख्य संच असे. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', सात विभाग, १९३२ ते १९३८, आणि १९५० ची पुरवणी. केतकरांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश', २३ खंड. वाईहून निघालेला 'मराठी विश्वकोश', २० खंड. पहिला खंड १९७६ चा. विसावा इतका फुगला की पूर्वार्ध-उत्तरार्ध असे दोन ग्रंथ झाले आणि उत्तरार्ध २०१५ मध्ये आला. महादेवशास्त्री जोशींचा दहा खंडांचा 'भारतीय संस्कृतिकोश' सणवार, दैवतं, व्रतं यांसाठी. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे चरित्रकोश प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन. घाई असेल तर आधी विश्वकोश काढा, निवांत असाल तर केतकर.

केतकरांचा आपल्या भागाशी काही संबंध होता काय?

चांगलाच होता. श्रीधर व्यंकटेश केतकर १८८४ मध्ये रायपूरला जन्मले आणि शाळा शिकले अमरावतीत. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट केली, परत आले आणि ज्ञानकोशासाठी नागपुरात मंडळ काढलं. भांडवल जमवून, वर्गणीदार गाठून हे काम उभं राहिलं. सरकार पाठीशी नव्हतं. पुढं बिऱ्हाड पुण्याला हललं.

त्यांचे खंड उघडताना एक लक्षात ठेवा. पहिले पाच प्रस्तावनाखंड आहेत : हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. अक्षरवार नोंदी त्यांच्यानंतर सुरू होतात. पहिला खंड काढून त्यात 'अकोला' शोधणारे निराश होतात ते यामुळं. आणि लिखाण शंभर वर्षांपूर्वीचं. जातीजमातींविषयीची काही मतं आज खटकतील. ती त्या काळचा माणूस काय समजत होता याचा पुरावा म्हणून वाचावीत.

शब्द कोशात हाये म्हणता, मले तं सापडतच नाही.

बहुतेक वेळा अडतं ते अनुस्वारावर आणि जोडाक्षरावर. विश्वकोशाची सुरुवातच 'अंक' या नोंदीनं होते. म्हणजे अनुस्वारवाला शब्द आधी, साधा नंतर. 'कांदा' हा 'काकडी'च्याही आधी येतो. आणि जोडाक्षर बाराखडी संपल्यावर. 'क्रिकेट' पाहायला आलेली पोरं 'कि'ची पानं उलटत बसतात. तो शब्द 'कौ' संपल्यावर पुढं आहे.

'क्ष' आणि 'ज्ञ' यांचं प्रत्येक कोशाचं वेगळं. काही ठिकाणी ते 'क' आणि 'ज' यांच्या पोटात, काही ठिकाणी शाळेतल्या तक्त्यासारखे अगदी शेवटी. सुरुवातीच्या सूचनांचं पान कोणी वाचत नाही, पण हे त्यातच लिहिलेलं असतं.

माणसांच्या नोंदी आडनावावरून. 'श्रीधर' खाली केतकर मिळणार नाहीत, 'केतकर, श्रीधर व्यंकटेश' असे मिळतील. संतांना मात्र ही अट नाही, लोक ज्या नावानं ओळखतात तेच नाव. गाडगेबाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म १८७६, गाव शेंडगाव. पण 'जानोरकर' पाहू नका, 'ग' मध्ये जा. तुकडोजी महाराजही तसेच, 'त' मध्ये. यावलीचे माणिक बंडोजी म्हणून शोधलं तर हाती काही लागायचं नाही.

आमच्या बोलीतले शब्द याच्यात हायेत का?

पुष्कळ आहेत. दाते-कर्व्यांच्या कोशात शब्दापुढं कंसात '(व.)' दिसलं तर तो वऱ्हाडातला, '(ना.)' दिसलं तर नागपूरकडचा. सगळे टिपले गेले असं मुळीच नाही, तरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचा एखादा शब्द तिथं अचानक भेटतो.

शोधताना युक्ती एकच. आपण 'डोया', 'शाया', 'काया' म्हणतो, तिथं कोशात 'ळ' घालून पाहा. पूर्वेकडच्या म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीबोलीसाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकरांचा वेगळा शब्दकोश आहे. तिकडच्या लेकीसुना इकडं आल्या की त्यांच्या बोलण्यावर हसण्यापेक्षा तो एकदा चाळावा.

पऱ्हाटीवर वाचाचं हाये. 'प' मध्ये पाह्यलं, नाही भेटलं.

'कापूस' काढा. कोशाला एका गोष्टीचं एकच मुख्य नाव लागतं, बाकीची नावं तिकडं बोट दाखवतात. विश्वकोशात नोंदीच्या पोटात कंसात बाण घालून एखादं नाव दिलेलं असतं. तिकडं गेलात की पुढचं सापडतं. ते बाण सोडू नका, अर्धी माहिती त्यांच्या मागं असते.

कापसाच्या लागवडीतल्या जाती चार. दोन जुन्या जगातल्या, ज्यांना आपण देशी म्हणतो, आणि दोन अमेरिका खंडातून आलेल्या. आज शिवारात दिसते ती बहुतेक सगळी अमेरिकन जातीची संकरित कपाशी. देशी कपाशीचा धागा आखूड, पण कोरडवाहूत ती तग धरते. एवढं कोशात नीट मिळेल.

बीटी कपाशी, म्हणजे अळीला प्रतिकार करणारं जनुक घातलेली, मात्र जुन्या खंडात शोधू नका. आपल्या देशात तिला परवानगी मिळाली २००२ मध्ये, खंड त्याच्या कितीतरी आधीचा. गुलाबी बोंडअळीनं २०१७ च्या हंगामात विदर्भात जे केलं तेही त्यात कुठून असणार? ही अळी बोंडाच्या आत राहते, वरून फवारलेलं तिच्यापर्यंत पोचत नाही. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, उभी ठेवली की तिला पुढच्या हंगामापर्यंत खायला-राहायला मिळतं. म्हणून हंगाम संपला की पऱ्हाट्या उपटा, कामगंध सापळे वेळेवर लावा असं सांगतात. ताज्या सल्ल्यासाठी अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांच्या पुस्तिका वेगळ्या फायलीत लावल्या आहेत. फवारणीचं औषध कोशात पाहून कोणी आणू नये.

वाशीम जिल्हा कोशात काऊन नाही?

कारण खंड छापला तेव्हा तो जिल्हाच नव्हता. वाशीम अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. गोंदिया भंडाऱ्यातून १ मे १९९९ ला. गडचिरोली चंद्रपुरातून २६ ऑगस्ट १९८२ ला. विश्वकोशाच्या पहिल्या खंडातली 'अकोला जिल्हा' ही नोंद १९७६ ची, म्हणून कारंजा, मंगरूळपीर, रिसोड सगळं तिच्यातच शोधायचं. क्षेत्रफळ आणि लोकसंख्या आजची समजून वहीत उतरवू नका. दर वर्षी एखादा विद्यार्थी ते आकडे निबंधात घालतो आणि गुरुजी लाल शाई करतात.

कुठलाही खंड हातात घेतला की आधी आतल्या पानावर छपाईचं साल पाहायचं, मग नोंद. ही सवय लागली की निम्मे घोळ होतच नाहीत.

आजोबाच्या कागदावर 'सी. पी. अँड बेरार' लिहिलं हाये, ते काय?

आपला मुलूख कोणाच्या हाताखाली कधी होता ते त्या एका ओळीत आहे. सी. पी. म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मध्य प्रांत. बेरार म्हणजे वऱ्हाड, ते निजामाचं. १८५३ च्या तहानं ते इंग्रजांच्या कारभारात आलं, १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं गेलं आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलं गेलं. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे भोसल्यांच्या राज्यातून मध्य प्रांतात आधीच आले होते. स्वातंत्र्यानंतर हाच प्रांत मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

म्हणून एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या कागदांवर तीन राज्यांची नावं दिसतात. जमिनीच्या वादात जुना कागद निघाला तर तारखेवरून तो कुठल्या काळातला हे यावरून जुळवा. केतकरांच्या ज्ञानकोशात हा भाग 'मध्यप्रांत' आणि 'वऱ्हाड' या नावांभोवती सापडतो, विश्वकोशात 'विदर्भ' पाहा. वेगळ्या विदर्भाचा प्रश्न इथं टेबलावर काढला की संध्याकाळ जाते, त्यामुळं तो पारावर.

लोणारचं सरोवर किती जुनं? दोन पुस्तकांत दोन आकडे हायेत.

दोन्ही आकडे संशोधकांचेच आहेत. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, काळ्या बेसाल्ट खडकात खणल्यासारखं. एकोणिसाव्या शतकापासून इंग्रज अधिकारी त्यावर लिहीत होते आणि बराच काळ ते ज्वालामुखीचं तोंड समजलं जाई. जुन्या पुस्तकात तसं वाचलंत तर लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं असं होत नाही, तेव्हा हाताशी पुरावाच तेवढा होता. १९७० च्या दशकात तिथल्या खडकात प्रचंड धक्क्यानं बनणारी काच आणि दाबाच्या खुणा सापडल्या. त्यानंतर उल्काघाताचं विवर म्हणून ते मान्य झालं. बेसाल्टमधलं आघाती विवर पृथ्वीवर दुर्मीळ, म्हणून चंद्रावरच्या विवरांशी ताडून पाहायला शास्त्रज्ञ इथं येतात.

आता वय. खडकातल्या काचेला तापवून निघणारा प्रकाश मोजण्याची एक पद्धत आहे, तिनं वय आलं सुमारे ५२,००० वर्षं. पुढं आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून मोजलं तर निघालं सुमारे ५,७०,००० वर्षं. हे दुसरं मोजमाप २०११ च्या सुमारास प्रसिद्ध झालं. त्याच्या आधीच्या पुस्तकांत ५०-५२ हजार, नंतरच्या काहींत पावणेसहा लाख, आणि काहीजण अजून जुनाच आकडा उतरवून घेतात. स्पर्धा परीक्षेत विचारलं तर पर्याय बघून ठरवा; शाळेच्या प्रकल्पात दोन्ही लिहा आणि पद्धतही लिहा. मास्तरांना आवडतं.

पाणी गुलाबी झालं तो जून २०२०. खारटपणा वाढला की मिठात जगणारे सूक्ष्मजीव माजतात आणि त्यांच्या रंगद्रव्यानं पाणी तसं दिसतं. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हे दोन्ही छापील विश्वकोशात नाही. विश्वकोश मंडळाच्या संकेतस्थळावर किंवा मराठी विकिपीडियावर पाहावं लागेल.

मृग दरसाली ७ जूनलेच कसा येते? पोया तं मांगंपुढं होते.

पावसाची नक्षत्रं सूर्यावरची आहेत. आकाशाच्या वर्तुळाचे २७ भाग केले की एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं. सूर्य दिवसाला साधारण एक अंश सरकतो, म्हणून एका नक्षत्रात तो १३-१४ दिवस राहतो. इंग्रजी तारखाही सूर्यावरच चालतात, त्यामुळं रोहिणी २५ मेच्या आसपास, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला हे ठरलेलं. अगदी कायमचं नाही. सुमारे सत्तर वर्षांत एखादा दिवस सरकतं, पण ते एका माणसाच्या ध्यानात येत नाही.

पोळा चंद्रावर, श्रावण अमावास्येला. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं म्हणून तो दरसाल अकरा-एक दिवस अलीकडं येतो, आणि अधिक महिना पडला की एकदम पुढं ढकलला जातो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, पोळा गेला १४ सप्टेंबरला. २०२४ मध्ये २ सप्टेंबर, २०२५ मध्ये २२ ऑगस्ट. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आणि नागपूरची मारबतीची मिरवणूक ओघानं त्याच्याच मागं.

मृग लागला म्हणजे पेरा असा मात्र याचा अर्थ नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल गेल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग ओरडून सांगतो. दुबार पेरणीचा खर्च ज्यानं सोसला त्याला ते वेगळं सांगावं लागत नाही.

सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर एकरात कसे करायचे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठे म्हणजे एक एकर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याच्या जवळजवळ बरोबर. १०० आर म्हणजे एक हेक्टर, आणि हेक्टर म्हणजे २.४७ एकर. उताऱ्यावर १.६२ असेल तर १ हेक्टर ६२ आर, सरासरी चार एकर. पॉइंटच्या पुढचे आकडे गुंठे समजून वाटणी केलीत तर थोडाच फरक पडतो, पण धुऱ्याच्या भांडणाला तेवढा पुरतो.

जुन्या चिठ्ठ्यांतला मण ४० शेरांचा, आजच्या हिशेबात सुमारे ३७.३ किलो. खंडी म्हटलं की धान्याची की कापसाची हे आधी विचारा. रुईच्या बाजारात खंडी ३५५.६ किलोची धरतात, धान्याची साधारण वीस मणांची, आणि ती गावागणिक बदलायची.

पीक किती आलं हे सांगणारी आणेवारी आणि पैसेवारी एकच. रुपया १६ आण्यांचा होता तेव्हा सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, रुपयाचे १०० पैसे झाले आणि आठ आण्यांचे ५० पैसे. आपल्याकडं आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम पैसेवारी जाहीर होते. पेपरात 'पन्नास पैशांच्या आत' छापून येतं ते हेच.

साप चावला तं काय कराचं, कोशात पाहून सांगता का?

नाही. १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा, प्रतिसर्पविष तिथं असतं. चावा कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका, पाय हलवू नका. मांत्रिकाकडं गेलेला तास परत मिळत नाही.

एरवी, निवांत असताना वाचायचं तर नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार नोंदी वाचा. बाजारात मिळणारं प्रतिसर्पविष याच चौघांवर चालतं. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावा इतका बारीक की दुखतही नाही. सकाळी पोट दुखतं, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो. रात्री शेतात जागलीला, म्हणजे राखणीला, जाणाऱ्यांनी खाटेवर झोपावं आणि मच्छरदाणी गादीखाली खोचावी.

तलाठी भरतीसाठी यातला कोणता खंड वाचू?

एकही नाही. क्रमिक पुस्तकं वाचा. गाइडमधल्या दोन उत्तरांत तफावत आली की मात्र कपाटाशी या.

मोबाइलवर सगळं भेटते, मंग हे कपाट कशाले?

विश्वकोश मंडळाचा विश्वकोश संकेतस्थळावर फुकट वाचता येतो, केतकरांचा ज्ञानकोशही इंटरनेटवर आहे. दाते-कर्वे आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत. नेट असेल तर खुशाल तिकडं पाहा, कपाट रुसत नाही.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. तिथं कोणीही लिहू शकतं आणि कोणीही खोडू शकतं. एखाद्या पुढाऱ्याच्या किंवा महाराजांच्या पानावर स्तुतीच स्तुती दिसली तर वरच्या 'इतिहास' या कळीवर जाऊन कोणी, कधी, काय घातलं ते बघा. विश्वकोशात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या माहितीखाली ते नसतं, बाकी सगळं असतं.

आमच्या गावाची नोंद याच्यात काऊन नाही?

विश्वकोशात जिल्हे, मोठी शहरं, तीर्थक्षेत्रं, काही तालुक्यांची गावं, एवढंच मावतं. लहान गावासाठी दुसरी पुस्तकं. १८७० चं लायल यांचं वऱ्हाडचं गॅझेटिअर आहे, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या सुमाराची जिल्हावार इंग्रजी गॅझेटिअरं आहेत. त्यांत बाजाराचे वार, यात्रा, नद्या, जिनिंग असा मजकूर मिळतो. प्रत्येक गावाची घरं, माणसं, पाण्याची सोय हवी असेल तर जिल्हा जनगणना पुस्तिका, २०११ ची. महानुभाव पंथाशी संबंध असलेलं गाव असेल, विशेषतः रिद्धपूरच्या आसपासचं, तर लीळाचरित्रातली स्थळं तपासा. आठशे वर्षांपूर्वीचं तुमच्या गावाचं नाव तिथं निघू शकतं.

खंडायले उधई लागली तं?

कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ठेवलं आहे ते उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, भीतीनंच, कोणी मागं सरकवू नये. पावसाळ्यात खालचा कप्पा रिकामा असतो. पानांत मातीची बारीक नळी दिसली तर खंड लगेच वेगळा काढून सांगा. उन्हात उघडा टाकू नका, पुठ्ठा वाकतो. सावलीत उभा ठेवून पानं मोकळी करायची आणि मऊ ब्रशनं झाडायची.

घरी जुने खंड पडून हायेत, घेता काय?

घेतो. सुटा खंड असला तरी चालतो, आपल्या संचातले काही गहाळ आहेत. आतल्या पानावर पूर्वीच्या मालकाचं नाव असेल तर खोडू नका. आणताना खताच्या पोत्यात घालून आणू नका एवढंच.